अंजिराखालची सरकारी जमीन

सरकारी जमीन म्हणजे कोणाचीच नाही, हे आम्हाला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते आपोआप माहीत असतं. मोकळी सरकारी जागा दिसली की तिथे कोणी गाडी लावतं, कोणी म्हैस बांधतं, कोणी दगडाला शेंदूर फासून ठेवतं, आणि थोड्या वर्षांनी ते सगळं पहिल्यापासून तिथेच असल्यासारखं होतं. त्यामुळे इथे परदेशात, हेन्डरसनमध्ये, आमच्या भाड्याच्या युनिटमागच्या सरकारी जमिनीत माझ्या आईनं माझ्या मुलीची वार पुरली, तेव्हा परवानगी नावाची काही गोष्ट असते हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नवरा तर सिव्हिल इंजिनिअर. खड्डा त्यानंच खणला.

हे सगळं पुन्हा वर यायचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यात त्या कुंपणावर लागलेला बोर्ड. मी डेअरीवरून दूध घेऊन येत होते. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, आणि तिथे दुधापेक्षा लॉटरीची तिकिटं जास्त विकली जातात, याची आता मला सवय झाली आहे. बोर्डावर लिहिलं होतं की ही जमीन सरकारला आता लागत नाही, ती विकण्याचा विचार आहे, त्याआधी तिथल्या माती-पाण्याची तपासणी करून घेतली आहे, तरी आजूबाजूच्या रहिवाशांनी आपलं म्हणणं सांगावं. खाली शनिवारी सकाळी हॉलमध्ये या, असं आमंत्रण. चहा मिळेल, हेही लिहिलं होतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, याचाच पगार मिळत असल्यामुळे माझा कशावर चटकन विश्वास बसत नाही. ‘आपलं म्हणणं सांगा’ यावर तर नाहीच. माझे वडील वीज खात्यात होते. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर मी जनसुनावणीला गेले होते. मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, आणि ज्या जमिनीबद्दल सुनावणी त्या जमिनीवर बुलडोझर आधीच फिरून गेलेला. वडील परत येताना म्हणाले होते की हे वरातीमागून घोडं आहे, पण घोडं आणल्याची नोंद मात्र व्हायला हवी. तेव्हापासून ‘सुनावणी’ म्हटलं की मला बुलडोझरच दिसतो.

म्हणून मी कुंपणापलीकडे पाहिलं. बुलडोझर नव्हता. गवत, जुन्या शेडचा काँक्रीटचा ओटा, ओढ्याकडचा उतार आणि कोपऱ्यात ते अंजिराचं झाड, पानं गळून नुसतं खोड राहिलेलं. दूध हातात धरून मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मला नक्की काय वाटत होतं हे मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढचे कित्येक महिने कळलं नाही.

माझ्या बाळंतपणासाठी आई पुण्याहून आली होती. डिंक, अळीव, बाळंतशोपा, सगळं घेऊन. विमानतळावर त्यातलं निम्मं काढून घेतलं, आणि आई या देशावर पहिल्याच दिवशी नाराज झाली. ती नाराजी गेली ती हॉस्पिटलात. मुलगी झाली, आणि सगळं आवरल्यावर मिडवाइफनं मला विचारलं की वार घरी नेणार का. मला वाटलं, मी गुंगीत काहीतरी भलतंच ऐकतेय. ती स्वतः माओरी होती, इथल्या मूळच्या लोकांपैकी. तिनं शांतपणे सांगितलं की आमच्यात ती जमिनीत पुरतात, म्हणून आम्ही सगळ्यांनाच विचारतो. मी आईला मराठीत सांगितलं. आई उठून उभीच राहिली. तिनं त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच तिला सांगितलं की आमच्यातही पुरतात, अगदी अशीच पुरतात. मिडवाइफला काय समजलं देव जाणे, पण तीही हसली. “म्हणजे ही आपल्यासारखीच माणसं आहेत की,” आई मला म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं डिंक काढून घेणाऱ्यांनाही माफ केलं.

वार मिळाली ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात. इथे तशीच पद्धत आहे म्हणे. घरी आल्यावर प्रश्न आला ठेवायची कुठे. फ्रीजरमध्ये ठेवू, असं नवरा म्हणाला, तेव्हा आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो विषय सोडला. त्या फ्रीजरमध्ये तिचे मटार होते. पुरायची कुठे, हा पुढचा प्रश्न. आमच्या युनिटच्या मागे हातभर काँक्रीट आणि कपडे वाळत घालायची छत्री, एवढंच. पण काँक्रीटच्या पलीकडे कुंपण होतं, कुंपणाला फट होती, आणि फटीपलीकडे ती जमीन. कोणत्या तरी खात्याची, कोणी येत नव्हतं, जात नव्हतं. आईनं दुसऱ्याच दिवशी तिची पाहणी केली आणि आनंदानं सांगत आली की तिथे औदुंबराचा भाऊ आहे. अंजीर आणि उंबर एका जातीचे, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. पण औदुंबराच्या बाबतीत जे जे चालतं ते ते अंजिरालाही चालेल, हा तिचा स्वतःचा निर्णय.

रविवारी सकाळी, सगळी गल्ली साखरझोपेत असताना, आई आणि नवरा फटीतून पलीकडे गेले. मला बाहेर पडायची परवानगी नव्हती. मी बाळाला घेऊन किचनच्या खिडकीत उभी होते. मला दिसलं ते एवढंच: नवरा खणतोय, आई सूचना देतेय, मग दोघंही वाकलेले. आईनं हळद-कुंकू वाहिलं आणि वर एक मोठा चपटा दगड ठेवला. परत आल्यावर हातपाय धुऊन तिनं बाळाला घेतलं आणि म्हणाली, “आता ही कुठे जायची नाही.”

मी विचारलं, माझी कुठे पुरली होतीस मग. तर म्हणाली, “तुझ्या वेळी कुठलं काय. नर्सिंग होमवाल्यांनी काय केलं कोण जाणे. म्हणून तर इतक्या लांब येऊन पडलीस.” मी हसले. आम्ही शिकलेली माणसं. नवऱ्यानं तर सहा आठवड्यांत तिचं खत होईल वगैरे जीवशास्त्र सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं, जावई होता म्हणून.

पुढे आम्ही त्याच गल्लीत दुसऱ्या टोकाला घर घेतलं. आमच्या बरोबरची बहुतेक मराठी मंडळी हळूहळू हॅमिल्टन शहरात, तिथल्या रोटोटुना भागात गेली. तिकडे मोठी घरं, नव्या शाळा, गणपतीला शंभर माणूस सहज मावेल असं गॅरेज. नवऱ्यालाही तिकडे दोनदा चांगली नोकरी चालून आली. आम्ही गेलो नाही. कोणी विचारलं तर मी सांगायची, मुलीची शाळा आहे, माझं ऑफिस न्यू लिनला आहे, ट्रेननं सरळ जाता येतं, मैत्रिणी आहेत. सगळी कारणं खरी होती. त्यांतलं एकही खरं कारण होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. दर उन्हाळ्याच्या शेवटी नवरा फटीतून जाऊन अंजिरं आणायचा, आणि दर वेळी मी त्याला विचारायची, दगड आहे ना. आहे, म्हणायचा.

आणि आता मुलगी शाळा संपवून मेलबर्नला जायची होती. फेब्रुवारीत, युनिव्हर्सिटीला. इथली अर्धी मुलं जातात. ती तर जन्मल्यापासून बॅग भरून बसल्यासारखी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी काही म्हटलं की म्हणायची, “ममा, इट्स जस्ट मेलबर्न.” जस्ट म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मीही कधीतरी माझ्या आईला म्हटलं होतं की हल्ली जग खूप जवळ आलंय.

शनिवारी आम्ही दोघं हॉलमध्ये गेलो. मी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती. पण भांडायला समोर कोणी हवं ना. दारात एक हसतमुख मुलगी, गळ्यात ओळखपत्र, “किआ ओरा”, म्हणजे माओरीतला नमस्कार, आणि “या, चहा घ्या” म्हणत उभी. बाहेर सॉसेज भाजत होते, शाकाहारी माणसांसाठी ब्रेडमध्ये नुसता परतलेला कांदा. आत भिंतीवर जमिनीचा मोठा नकाशा आणि टेबलावर गोल स्टिकर. जे आवडतं तिथे हिरवा लावायचा, जिथे काळजी वाटते तिथे लाल. मोठी मोठी माणसं बालवाडीतल्यासारखी स्टिकर चिकटवत होती. मला हसावं की रागवावं कळेना.

मी लाल स्टिकर घेतला आणि कोपऱ्यातल्या अंजिरापाशी गेले, तर तिथे आधीच एक लाल चौकोन छापलेला. शेजारी माती तपासणारा तज्ज्ञ उभा होता. उंच, वयस्कर, ऐन थंडीत हाफ पँट आणि जाडजूड बूट. त्यानं समजावून सांगितलं. फार पूर्वी ही सगळी फळबाग होती. त्या कोपऱ्यात औषधं कालवायची शेड होती, आणि त्या काळच्या फवारण्यांत शिसं असायचं, आर्सेनिक असायचं. ते मातीत तसंच राहतं, कुठे जात नाही. बाकीची जमीन ठीक आहे, पण हा कोपरा खणून माती काढावी लागेल. झाडासकट.

“ती अंजिरं खाल्ली तर?” नवऱ्यानं विचारलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तज्ज्ञ म्हणाला की फळात फारसं उतरत नाही, धुऊन खाल्ली असतील तर काळजी करू नका. नवरा धुऊन खात नाही. झाडाखाली उभं राहूनच खातो.

माझा गोंधळ वेगळाच होता. मी आले होते जमीन विकू नका म्हणायला. पण विकली नाही तर ती माती तिथेच राहणार, म्हणजे माझ्या मुलीची वार शिशात आणि आर्सेनिकमध्ये. ती तशी इतकी वर्षं होतीच, फक्त आम्हाला माहीत नव्हतं. आणि विकायची तर आधी ती माती काढणार, ट्रकमध्ये भरणार, आणि शहराबाहेर कचऱ्याच्या डेपोत नेऊन पुरणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हिरवा लावू की लाल, हे ठरवायला मला तिथे कोणी मदत करणार नव्हतं. मी तज्ज्ञाला विचारलं, मूठभर माती घरी नेली तर चालेल का, कुंडीत घालायला. त्यानं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं आणि अगदी नम्रपणे सांगितलं की कृपा करून नेऊ नका, तिथली एक चिमूटही बाहेर न्यायची नाही.

खणणार कधी, मी विचारलं. जानेवारीत, म्हणाला. तेव्हा इथे उन्हाळा असतो, माती कोरडी असते, ओढ्यात वाहून जात नाही.

जानेवारी. मुलगी फेब्रुवारीत जाणार. मला स्वतःचा भयंकर संताप आला. मी नाकानं कांदे सोलणारी बाई. शेजारीण लिंबू-मिरची लावते म्हणून तिला हसणारी. आणि मी उभी राहून हिशेब करतेय की आधी माती जाईल, मग मुलगी जाईल, आणि मग ती परत कशाला यायची.

ओळखपत्रवाली मुलगी वही-पेन घेऊन आली. काही सांगायचंय का, म्हणाली. मी म्हटलं, ते झाड. तिनं विचारलं, सावलीसाठी हवंय, की जुनं आहे म्हणून, की तुमच्या समाजासाठी त्याचं काही महत्त्व आहे. या शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. समाज म्हणजे कोण? आई, नवरा आणि एक खुरपं? इथे ज्यांची खरोखर पिढ्यान्‌पिढ्यांची नाळ जमिनीत आहे, त्यांच्या रांगेत मी हा आइस्क्रीमचा डबा घेऊन उभी राहू? शिवाय खरं सांगितलं तर सरकारी जमिनीत विनापरवाना पुरलेलं निघणार, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, “खणायचं ते मार्चमध्ये खणाल का?”

“कारण विचारू का?” ती म्हणाली.

“घरगुती आहे,” मी म्हटलं.

तिनं मान डोलावली आणि ते, माझ्या फोन नंबरासकट, जसंच्या तसं लिहून घेतलं. हसली नाही, खोदून विचारलं नाही. मला वाटलं, संपलं, घोडं आणल्याची नोंद झाली.

गाडीत नवरा आणि मी बोलत होतो, ते बोलणं घरात शिरतानाही चालूच होतं, आणि मुलगी जिन्यात बसली होती. तिला सगळं ऐकू आलं. मग सांगावंच लागलं. आइस्क्रीमचा डबा, अंजीर, आजी, दगड. आधी ती पोट धरून हसली. मग म्हणाली, शी. मग जरा वेळानं तिचा चेहरा बदलला. तिनं विचारलं की मार्चपर्यंत थांबा असं मी का सांगितलं. मी चहाचं आधण ठेवायला वळले. ती हुशार आहे. “सो माय गोइंग इज अ सॉइल इश्यू?” ती म्हणाली. मी म्हटलं, तसं नाही गं. “नोबडी आस्क्ड मी,” असं म्हणून ती वर गेली आणि दार लावून घेतलं. शेजारीपाजारी सगळ्यांना स्टिकर वाटून विचारलं होतं. जिची होती तिला विचारायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन लावला. आई पहाटे उठते, तेव्हा आमची दुपार असते. ती आता भावाकडे असते, फारशी हिंडत-फिरत नाही, पण दर फोनला अंजिराची चौकशी ठरलेली. मी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. आणि पहिल्या पाच वाक्यांत सगळं सांगून टाकलं. खणणार आहेत, माती विषारी आहे, डेपोत नेणार आहेत, आणि पोरगी जाणार आहे. मला रडू आलं. मी आईसमोर रडत नाही एरवी.

पलीकडे आई भांडी लावत होती, तो आवाज थांबला. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाली, “तुझी मी पुरली होती.”

मला कळेना. मी म्हटलं, तू तर म्हणाली होतीस की नर्सिंग होमवाल्यांनी टाकली.

“खोटं बोलले. आयाबाईकडून मागून घेतली होती. तुझ्या बाबांच्या जेवणाच्या डब्यातून नेली. क्वार्टर्सच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, चांगली हातभर खोल पुरली. वर दगड ठेवला. तरी गेलीसच ना तू.”

मी विचारलं, मग मला तसं का सांगितलंस.

“लाज वाटली. एवढं करूनही पोरगी राहिली नाही, हे कोणाला सांगायचं? टाकली म्हटलं की निदान कारण तरी मिळतं.”

मग मी मूर्खासारखं विचारलं की ती जागा अजून आहे का. आई म्हणाली, कुठली जागा, क्वार्टर्स पाडून किती वर्षं झाली. ती जमीन सरकारनं बिल्डरला दिली. आता तिथे टॉवर आहे, टाकी होती तिथे पार्किंग. आणि मग ती जे बोलली ते तिनं अगदी सहज, भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगितलं. “मला कोणी विचारलं नाही. एक दिवस बाजारात जाताना पाहिलं तर पत्रे लागलेले. तुला विचारतायत, तर सांग की काय सांगायचं ते.”

पण मला काय सांगायचं होतं? पुरली तरी मुलं जातात. टाकली तरी जातात. आईला हे माहीत होतं, स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं, आणि तरी तिनं हेन्डरसनमध्ये येऊन पुन्हा खड्डा खणून घेतला. मी तिला विचारलं, का. ती म्हणाली, “पुरल्यावर बरं वाटतं गं. तेवढे दिवस बरं वाटतं.”

काही आठवड्यांनी त्या ओळखपत्रवाल्या मुलीचा फोन आला. मी ऑफिसात होते. ती म्हणाली, तुमची सूचना आम्ही लक्षात घेतली आहे, कोपऱ्यातलं काम मार्चच्या शेवटी घ्यायला ठेकेदार तयार आहे, पाऊस लागायच्या आत होईल. मी खुर्चीतून उठून कॉरिडॉरमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारनं माझं ऐकलं होतं. कारण न सांगता, ओळख न लावता, एका बाईनं नुसतं म्हटलं म्हणून त्यांनी यंत्रं थांबवली होती. वडील असते तर त्यांना खरं वाटलं नसतं. मला स्वतःला वाटत नव्हतं. आणि ज्यासाठी ऐकलं ते मला आता हवं होतं की नाही, तेच मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, नको. तुमच्या ठरल्या वेळी खणा. ती जरा गोंधळली. नक्की का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नक्की, फक्त खणाल त्या दिवशी आम्हाला पाहायचंय, चालेल का. कुंपणाबाहेरून चालेल, ती म्हणाली. घरगुती कारण मिटलं का, हे तिनं विचारलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

जानेवारीतल्या त्या सकाळी ऊन कडक होतं. मी आणि नवरा टोप्या घालून कुंपणापाशी उभे होतो. मुलीला मी चल म्हटलं नव्हतं. ती आपणहून आली, पायात जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, हातात फोन, आजीला दाखवते म्हणाली. पण आजीनं पाहायला नकार दिला. मला सांगा नंतर, म्हणाली. अंजिराला हिरवीगार पानं होती. यंत्रानं ते सहज उचललं. नवरा हळूच म्हणाला की या वर्षी फळ चांगलं धरलं होतं. मी दगड शोधत होते. दगड दिसलाच नाही. मातीबरोबर गेला असेल, किंवा कधीच दुसरीकडे सरकला असेल, किंवा इतकी वर्षं नवरा न बघताच ‘आहे’ म्हणत असेल. मी विचारलं नाही.

“सो दॅट्स मी,” मुलगी म्हणाली.

माती ट्रकमध्ये भरली, वरून ताडपत्री घट्ट बांधली, आणि ट्रक फाटकातून बाहेर पडून आमच्यासमोरून गेला. मुलीनं त्याला हात केला. गमतीनं केला असेल. ड्रायव्हरला वाटलं त्याला केला, त्यानंही केला. ट्रक वळेपर्यंत तिचा हात वरच होता.

ती जमीन अजून विकली गेलेली नाही. कोपऱ्यात नवी माती भरून वर गवत पेरलंय. आम्ही आता रोटोटुनाला जायला मोकळे आहोत, असं नवरा एकदा गमतीनं म्हणाला. आम्ही काही गेलो नाही. का गेलो नाही, हे आता मला अजिबातच माहीत नाही.

फेब्रुवारीत आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. मी पोळ्या दिल्या, तूप दिलं, तूप तिकडे काढून घेतील असं ती सांगत असताना दिलं. ती आत गेली. काचेच्या दारापाशी थांबली, वळली, आणि तसाच हात केला, ट्रकला केला होता तसा, बराच वेळ. मग गेली.

पार्किंगमध्ये येऊन मी आईला फोन लावला. गेली का, तिनं विचारलं. मी म्हटलं, गेली.

“वळून पाहिलं का तिनं?”

“हो. दारात थांबून पाहिलं.”

आई म्हणाली, “तू नव्हतं पाहिलंस.”

मागे नवरा पार्किंगचं तिकीट शोधत होता आणि ते त्याच्या शर्टाच्या खिशातच होतं.